चालत्या आरव्हीचा टायर का फुटतो, आणि फुटल्यावर पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं?

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या हायवेवरून जाताना रस्त्याच्या कडेला काळ्या रबराचे लांबलचक पट्टे पडलेले दिसतात. तिथले ट्रकवाले त्यांना 'गेटर' म्हणतात. गेटर म्हणजे मगर. लांबून पाहिलं तर खरंच एखादी मगर उन्हात पसरल्यासारखी वाटते. यातले बरेचसे पट्टे ट्रकच्या टायरचे असतात, पण काही आरव्हीच्या टायरचेही असतात.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल. सोप्या भाषेत चाकांवरचं घर. झोपायला बेड, छोटा ओटा, फ्रीज, टॉयलेट, पाण्याची टाकी, सगळं आतच. यात मुख्य प्रकार दोन. स्वतःचं इंजिन असलेली ती मोटरहोम, आणि पिकअप किंवा मोठ्या गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचा तो ट्रेलर.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही सुट्टीत आरव्ही भाड्यानं घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन अशा ठिकाणी जातात. भाड्याच्या नेहमीच्या आरव्हीसाठी बहुतेक राज्यांत वेगळं लायसन्स लागत नाही. त्यामुळं कालपर्यंत साधी कार चालवणारा माणूस आज थेट पाच-सहा टनांची गाडी घेऊन हायवेला लागतो. स्टिअरिंग, ब्रेक, आरसे याची सवय एका दिवसात होते. टायरकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. आणि भर हायवेवर टायर फुटला, तर तिथून पुढं सगळं चालकानं काय केलं यावर अवलंबून असतं.

टायर नेमका का फुटतो?

आपल्याकडे टायर फुटला की पहिला संशय खिळ्यावर जातो. पण खिळ्यानं होतं ते पंक्चर. त्यातून हवा हळूहळू जाते. टायरच्या चिंधड्या उडतात तेव्हा त्यामागचं कारण बहुतेक वेळा उष्णता हे असतं.

टायर फिरताना त्याचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि वर गेला की पुन्हा सरळ होतो. मिनिटाला शेकडो वेळा हे घडतं. एखादी तार सतत वाकवून सरळ केली की ती गरम होते, तसाच टायरही गरम होतो. हवा पुरेशी असेल तर टायर कमी दबतो आणि तयार झालेली उष्णता बाहेर निघून जाते. हवा कमी असेल तर टायरच्या बाजूच्या भिंती जास्त वाकतात आणि उष्णता साठत जाते.

टायरच्या आत रबरासोबत पोलादी तारांचे थर असतात. उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की हे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. मग वरचा नक्षीचा पट्टा सोलल्यासारखा निघून येतो. रस्त्यावर दिसणारी ती 'मगर' म्हणजे हाच पट्टा.

ही उष्णता वाढायची कारणं तीन : हवा कमी, वजन जास्त किंवा वेग जास्त. आरव्हीमध्ये ही तिन्ही एकत्र येतात आणि जोडीला चौथं कारण असतं, टायरचं वय.

एका टायरची १९९६ पासूनची गोष्ट

उष्णता हा मुद्दा किती गंभीर आहे हे समजून घ्यायचं असेल तर गुडइयर कंपनीच्या जी१५९ या टायरचं प्रकरण बघावं लागतं.

हा टायर मुळात शहरात माल पोचवणाऱ्या गाड्यांसाठी बनवला होता. अशा गाड्या थांबत थांबत जातात. तासनतास सलग वेगात पळत नाहीत. पण १९९६ ते २००३ या काळात बनलेले हे टायर मोटरहोमलाही बसवले गेले, आणि मोटरहोम म्हणजे तर हायवेवर दिवसभर पळणारी गाडी.

एका कुटुंबाची मोटरहोम रस्ता सोडून उलटली आणि त्यांनी कंपनीवर दावा लावला. हा टायर असल्या वेगासाठी बनलेलाच नव्हता, हायवेच्या वेगात तो प्रमाणाबाहेर तापतो, असं त्यांचं म्हणणं होतं. टायरच्या चाचण्यांचे अहवाल त्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षं मागितले. शेवटी खटला तडजोडीनं मिटला. त्यानंतर काही महिन्यांनी वकिलांच्या लक्षात आलं की याच टायरच्या दुसऱ्या एका खटल्यात कंपनीनं उष्णतेच्या चाचणीचे अहवाल दिले होते. हे अहवाल त्यांना कधीच मिळाले नव्हते. ताशी ५५ ते ६५ मैलांच्या वेगात टायर प्रमाणाबाहेर तापत असल्याचं त्यात दिसत होतं.

खालच्या कोर्टानं कंपनीच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले आणि वकिलांच्या खर्चापोटी २७ लाख डॉलर द्यायला सांगितले. हे प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१७ मध्ये तिथं प्रश्न टायरचा नव्हता, दंडाच्या रकमेचा होता. गैरवर्तनामुळं जेवढा खर्च वाढला तेवढाच वसूल करता येईल, असं सांगून कोर्टानं रकमेचा हिशोब पुन्हा करायला लावला.

पुढं अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा नियामक संस्थेनं, म्हणजे एनएचटीएसएनं, चौकशी केली. या टायरच्या बिघाडामुळं १९९८ ते २००९ दरम्यान झालेल्या अपघातांत ८ जणांचा मृत्यू झाला आणि ६९ जण जखमी झाले, असं या संस्थेनं नोंदवलं. २०२२ मध्ये कंपनीनं सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत मागवले. टायरमध्ये दोष नाही, हवा कमी किंवा वजन जास्त असताना निर्माण होणारा धोका टाळण्यासाठी हे पाऊल उचलल्याचं कंपनीचं म्हणणं होतं.

म्हणजे दोन्ही बाजू धरल्या तरी मुद्दा एकच राहतो. चुकीचा टायर, कमी हवा, जास्त वजन आणि हायवेचा वेग एकत्र आले की टायर टिकत नाही.

निघण्यापूर्वी चार गोष्टी बघा

१. टायरचा जन्म कधीचा?

टायरच्या बाजूला 'डीओटी' या अक्षरांपासून सुरू होणारा एक कोड असतो. त्याच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. हे आकडे कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळं आतल्या बाजूलाही वाकून बघावं लागतं.

आरव्हीच्या बाबतीत हा आकडा फार महत्त्वाचा आहे. कारण रोजची कार पळून पळून टायर झिजवते, तर आरव्ही वर्षातले कित्येक महिने उन्हात नुसती उभी असते. नक्षी नव्यासारखी दिसते, पण ऊन आणि हवेतल्या ओझोनमुळं रबर आतून कडक होत जातं. त्यामुळं नक्षी बघून टायर चांगला ठरवता येत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षं झाली की टायर कसाही दिसत असला तरी बदल, असा सल्ला काही मोठ्या टायर कंपन्या देतात. ट्रेलरचे टायर तर त्याच्या बरेच आधी बदलले जातात.

२. हवा किती?

साध्या कारमध्ये ३२ ते ३५ पीएसआय हवा असते. ट्रेलरच्या जाड टायरमध्ये ती ८० पर्यंत आणि मोठ्या मोटरहोममध्ये १०० च्याही पुढं असू शकते. त्यामुळं टायर बघून किंवा लाथ मारून हवेचा अंदाज येत नाही. गेज लागतोच. नेमका आकडा गाडीवर लावलेल्या स्टिकरवर असतो.

हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासायची. किमान तीन तास गाडी उभी असली पाहिजे. सकाळी ४ अंशांच्या थंडीत ८० पीएसआय भरलेला टायर दुपारी ४० अंशांच्या वाळवंटात नुसत्या हवामानामुळं ९२ च्या आसपास दाखवू शकतो. चालल्यानं तापला की आणखी वाढतो. ही वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते. आकडा वाढला म्हणून दुपारी हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये हवा कमीच भरणार.

३. वजन किती?

आरव्ही म्हणजे घर, त्यामुळं सामान भरताना हात सुटतो. ५० गॅलनची पाण्याची टाकी भरली की एकट्या पाण्याचं वजन सुमारे १९० किलो होतं. किराणा, सायकली, खुर्च्या आणि माणसं वेगळीच. गाडीत एकूण किती वजन चालेल हे आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक स्टॉपला वजनकाटे असतात आणि थोडे डॉलर मोजले की प्रत्येक आसावर किती भार आहे ते कळतं. सामान भरून झालं की एकदा तिथं गाडी घालणं केव्हाही चांगलं.

४. टायर किती वेगासाठी बनलाय?

ट्रेलरच्या टायरवर 'एसटी' अशी अक्षरं असतात, म्हणजे खास ट्रेलरसाठीचा टायर. वेगाचं वेगळं अक्षर छापलेलं नसेल तर असा टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच, म्हणजे साधारण १०५ किलोमीटरपर्यंतच चालवायचा असतो. अक्षर असेल तर 'एल' म्हणजे १२० किलोमीटर आणि 'एम' म्हणजे १३० किलोमीटर.

आता गंमत बघा. युटा, नेवाडा, वायोमिंग अशा राज्यांत काही हायवेवर वेगमर्यादा ८० मैल आहे. बोर्ड ८० म्हणतो, पिकअपचं इंजिन ८० ला सहज जातं, पण मागच्या ट्रेलरचा टायर ६५ चाच असतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना ५५ मैलांचीच मर्यादा आहे. बोर्डावर काहीही असलं तरी टायरवरचा आकडा ओलांडायचा नाही.

गाडी स्वतःहून सांगत नाही का?

२००० साली अमेरिकेत फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचं प्रकरण गाजलं होतं. लाखो टायर परत मागवावे लागले. त्यानंतर झालेल्या कायद्यातून हवेचा दाब कमी झाला की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, हलक्या गाड्यांना सक्तीची झाली. सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या गाड्यांमध्ये ती असते.

पण हा नियम ट्रेलरला लागू नाही, आणि १० हजार पौंडांपेक्षा, म्हणजे साडेचार टनांपेक्षा जड मोटरहोमलाही नाही. जिथं सगळ्यात जास्त गरज, तिथंच सक्ती नाही. म्हणून अनेक आरव्हीवाले बाजारातून सेन्सर आणून वॉल्व्हवर बसवतात. ट्रेलरमध्ये तर हे फारच उपयोगी पडतं, कारण मागचा टायर बसलाय हे पुढं बसलेल्या चालकाला कित्येक मैल कळतही नाही.

टायर फुटला. आता पहिले दहा सेकंद

मोठा आवाज होतो, गाडी थरथरते आणि एका बाजूला ओढली जाते. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि तिथंच चूक होते.

फुटलेला टायर त्या बाजूनं गाडीला मागं ओढत असतो. त्यात ब्रेक दाबला की ती ओढ वाढते आणि गाडी वळते किंवा उलटते. त्यामुळं ही क्रमवारी पाठ पाहिजे :

– दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरा आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ ठेवा.
– ब्रेक दाबू नका. मोटरहोमच्या चालकांना तर क्षणभर ॲक्सिलरेटर दाबायला शिकवतात. वेग वाढवण्यासाठी नव्हे, तर पुढचा जोर टिकून गाडी सरळ राहावी म्हणून.
– गाडी ताब्यात आली की ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा आणि वेग आपोआप उतरू द्या.
– वेग बराच कमी झाल्यावर इंडिकेटर देऊन सावकाश उजवीकडे घ्या. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळं थांबायची कडही उजवीच.

ट्रेलर मागे डोलायला लागला तरी पुढच्या गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही. ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोलर असेल तर तो हातानं हळूच वापरला की ट्रेलर सरळ व्हायला मदत होते.

कडेला थांबल्यावर

इथं घाई केली तर धोका पहिल्यापेक्षा मोठा असतो, कारण शेजारून ताशी ७०-८० मैलांनी ट्रक जात असतात.

जागा सपाट, कडक आणि वळणापासून लांब असावी. त्यासाठी थोडं पुढं सावकाश जावं लागलं तर जावं. रिम खराब झाली तरी चालेल. मग धोक्याचे दिवे लावा. शक्य असेल तर सगळ्यांना रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दारानं उतरवा आणि कठड्यापलीकडे उभं करा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांना गाडीच्या मागे १०, १०० आणि २०० फुटांवर तीन त्रिकोण ठेवावे लागतात. आरव्हीवाल्यांनीही हेच अंतर धरलं तर बरं.

नंतर फुटलेल्या चाकाच्या वर आणि आसपास बघा. सुटलेला पट्टा चाबकासारखा फटके मारतो. त्यात वायरिंग तुटतं, पाण्याचे पाइप फुटतात आणि कधी प्रोपेन गॅसच्या लाइनलाही मार लागतो. गॅसचा वास आला तर आधी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करा, लांब जा आणि ९११ ला फोन करा. जागा सांगताना हायवेचा क्रमांक, दिशा आणि जवळच्या मैलाच्या पाटीचा आकडा सांगायचा.

स्टेपनी स्वतः बदलायची का?

टायर फुटलाय तो रहदारीच्या बाजूचा असेल, तर याचं उत्तर सरळ 'नाही' आहे. मदत बोलवा.

मोठ्या मोटरहोमच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही. एका टायरचं वजनच ५० किलोच्या आसपास असतं. अनेक मोटरहोममध्ये स्टेपनी नसतेच. तिथं रोडसाइड असिस्टन्स हाच मार्ग. पण साध्या कारसाठी घेतलेलं सदस्यत्व अनेकदा आरव्हीला लागू होत नाही, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवायला हवं.

ट्रेलरचा टायर सुरक्षित जागी बदलता येतो. त्यासाठी काही गोष्टी पाळाव्या लागतात :

– ट्रेलर पुढच्या गाडीपासून सोडवू नका. बाकीच्या चाकांना पुढं-मागं उटी लावा.
– गाडी उचलण्यापूर्वीच व्हील पान्यानं नट थोडे सैल करा.
– जॅक मुख्य फ्रेमला लावा. बहुतेक कंपन्या आसाला जॅक लावू नका असं सांगतात. ट्रेलर स्थिर ठेवायला कोपऱ्यांत जे पाय असतात ते वजन उचलण्यासाठी नसतात.
– नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा आणि पहिल्या ५० मैलांत पुन्हा तपासा.

एका बाजूला दोन चाकं असतील तर शेजारचा टायरही नीट बघा. एक फुटला तेव्हा सगळा भार दुसऱ्यानं उचललेला असतो. मोटरहोमच्या मागच्या जोडचाकांतही हेच होतं. आतला टायर बसला तर तो बाहेरून दिसत नाही. बाहेरचा एकटा वजन ओढत राहतो, दोन्ही घासतात आणि आग लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

आणखी एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो. हवा कमी असताना बराच वेळ पळालेल्या पोलादी तारांच्या जड टायरमध्ये तिथंच पुन्हा हवा भरायची नाही. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर, म्हणजे १०० ऐवजी ८० पीएसआयवर, असा टायर पळाला असेल तर आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात. हवा भरताना त्याची भिंत चेन उघडावी तशी फाटते आणि जवळ उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. असा टायर काढून आतून तपासावा लागतो आणि त्यात हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरतात.

भाड्यानं आरव्ही घेताना

गाडी ताब्यात घेताना बेड, गॅस आणि टीव्ही दाखवला जातो. त्याच वेळी चार प्रश्न विचारून घ्या. टायर कधीचे आहेत? स्टेपनी आणि जॅक आहे का? टायर फुटला तर आधी कुठल्या नंबरला फोन करायचा? आणि खर्च कुणाचा? अनेक करारांमध्ये कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला बंदी असते. काही कंपन्या उन्हाळ्यात डेथ व्हॅलीतही गाडी नेऊ देत नाहीत. तिथं टायर फुटला तर सगळं बिल तुमच्यावर येऊ शकतं.

सहीपूर्वी प्रत्येक टायरचा आणि त्या चार आकड्यांचा फोटो काढून ठेवा. नंतर वाद झाला तर तोच कामी येतो.

आपल्याकडे याचा संबंध काय?

महाराष्ट्रात कॅराव्हॅन पर्यटन अजून बाळसं धरतंय, पण दिवसभर सलग वेगात गाडी पळवायची सोय आता आलीय. नागपूर ते मुंबईदरम्यानचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. कारसाठी तिथं १२० ची मर्यादा आहे. सुरुवातीच्या महिन्यांतच टायर फुटून अपघात व्हायला लागले आणि आरटीओनं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. गुळगुळीत झालेले टायर असलेल्या गाड्यांना परत पाठवलं गेलं.

त्यावर नायट्रोजन भरला की काम झालं, असं बरेच जण समजतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला तरी दाब तपासावाच लागतो आणि जुना टायर त्यानं नवा होत नाही.

ते चार आकडे आपल्याकडच्या टायरवरही असतात. लांबच्या प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी पाचही टायरवरचे आकडे वाचायचे आणि सकाळी गार टायरमध्ये हवा बघायची. पाचवा म्हणजे स्टेपनी, कारण तिच्यातली हवा बघायची आठवण नेमकी गरज पडल्यावरच होते.